पोटाचं डायलिसिस, घरच्या घरी: २४ महिन्यांचा हिशेब

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या दारात गाडी येते आणि २० खोकी उतरतात. एका खोक्यात दोन-दोन लिटरच्या सहा पिशव्या. म्हणजे महिन्याला १२० पिशव्या, २४० लिटर द्रावण. मागच्या खोलीची एक भिंत पूर्ण या खोक्यांनी भरलेली असते आणि महिनाअखेरपर्यंत ती हळूहळू उघडी पडत जाते. बाबांची मूत्रपिंडं आता जे काम करत नाहीत, ते या १२० पिशव्या करतात.

मी एका कारखान्यात कॉस्टिंग बघते, १९ वर्षं झाली. एखादी वस्तू बनवायला खरा खर्च किती आला, तो कोणाच्या खात्यात पडला आणि कोणाच्या खात्यात पडायला हवा होता, हे शोधणं माझं रोजचं काम. बाबांच्या आजारपणात मी ११ महिने सेंटरवरचं मशीनचं डायलिसिस पाहिलं आणि आता २४ महिने घरचं पोटाचं, म्हणजे पीडी, पाहते आहे. दोन्ही सेवांबद्दल लोक मत देतात तेव्हा ‘सिस्टर फार प्रेमळ’, ‘एसी चांगला’ असं लिहितात. तेही महत्त्वाचं आहे. पण निवड करायची वेळ माझ्यावर आली तेव्हा मला जे हवं होतं ते कुठेच सापडलं नाही, म्हणून हे लिहिते आहे. पैशांचे आकडे देत नाही. ते जागेगणिक आणि विम्यागणिक इतके बदलतात की माझे आकडे तुमच्या कामाचे नाहीत. तास मात्र सगळीकडे ६० मिनिटांचाच असतो.

आधी मशीनबद्दल. सुयांमधून रक्त बाहेर घेऊन यंत्रात गाळायचं आणि परत अंगात सोडायचं. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास. हे चार तास कागदावरचे. घरून निघायचं, सेंटरला पोचायला एक तास, खुर्ची रिकामी होईपर्यंत पाऊण तास, मग चार तास, सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत बोटाने दाबून बसायचं, पुन्हा एक तास परतीचा. एका फेरीचे सात तास धरले तर आठवड्याचे २१. आणि बाबा एकटे जाऊ शकत नव्हते, तेव्हा माझे किंवा धाकट्या भावाचे आणखी २१. दोन माणसांचे मिळून ४२ तास दर आठवड्याला. यातला एकही तास कुठल्याही बिलावर दिसत नाही.

बाबा घड्याळं दुरुस्त करतात. वय ७१, पण हात अजून स्थिर आहे. मशीनच्या दिवशी ते घरी येऊन जे आडवे व्हायचे ते दुसऱ्या दिवशी सकाळी उठायचे. ‘डायलिसिसनंतर पूर्ववत वाटायला किती वेळ लागतो?’ हा प्रश्न संशोधकसुद्धा रुग्णांना विचारतात, हे मला नंतर कळलं. आमचं उत्तर होतं: १४ तास. ते २१ मध्ये मिळवले की आठवड्यातले काम करण्यासारखे दिवस जेमतेम चार उरतात. त्यातही शनिवार-रविवारच्या दोन दिवसांच्या खंडानंतर सोमवारी पाय सुजलेले, श्वास जड. ही फक्त बाबांची गोष्ट नव्हती. आठवड्यातल्या त्या लांब खंडानंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयाचे त्रास जास्त होतात, हे २०११ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींवरून दाखवलं गेलं आहे. मूत्रपिंड रोज चोवीस तास काम करतं. आपण ते आठवड्याच्या १२ तासांत बसवतो. शरीर तक्रार करणारच.

मशीनला कमी लेखायचं नाही मला. त्या यंत्राने बाबांचा जीव वाचवला. विलेम कोल्फ या डॉक्टरांनी १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, सेलोफेनची नळी एका पिंपाला गुंडाळून पहिलं उपयोगी यंत्र उभं केलं. १९६० मध्ये सिएटलला स्क्रिब्नर यांनी हातात कायम राहणारी नळी बसवली आणि तेव्हापासून माणसं डायलिसिसवर वर्षानुवर्षं जगू लागली. पण यंत्रं थोडी आणि रुग्ण फार, म्हणून १९६२ मध्ये तिथे एक समिती बसली. कोणाला खुर्ची द्यायची हे ती ठरवत असे. ते वाचल्यावर मी बराच वेळ गप्प बसून होते. याच टंचाईतून दोन वर्षांनी तिथे मशीन घरी नेण्याचा प्रयोग झाला. घरच्या डायलिसिसचा जन्मच खर्चाच्या विवंचनेतून झाला आहे.

आणि तरीही आम्हाला ११ महिने कोणी सांगितलं नाही की घरी करण्याचा दुसरा मार्ग आहे. सेंटरचं नाव लिहीत नाही. एका दुसऱ्या रुग्णाच्या बायकोकडून, प्रतीक्षेच्या बाकावर, ‘पोटाचं पण असतं ना’ एवढं एक वाक्य कानावर पडलं. त्या वाक्यापर्यंत पोचायला ११ महिने जावेत याचा मला अजून राग आहे.

का सांगत नसतील, याचं एक उत्तर मला माझ्या धंद्यातून सुचतं. मशीनच्या सेंटरचा बराचसा खर्च आधीच होऊन गेलेला असतो: यंत्रं, जागा, पाणी शुद्ध करणारा प्लँट, पाळीवरची माणसं. चार तासांच्या एका बैठकीत मिनिटाला ५०० मिलिलिटर या नेहमीच्या वेगाने १२० लिटर द्रावण लागतं. तेवढं शुद्ध पाणी तयार करायची सोय एका रुग्णासाठी करा की वीस जणांसाठी, उभारणी करावीच लागते. खुर्ची रिकामी असेल तर आणखी एक रुग्ण घेण्याचा वाढीव खर्च फार थोडा. पीडीचं उलट आहे. तिथे उभारणी जवळपास नाही, पण प्रत्येक रुग्णामागे प्रत्येक दिवशी पिशव्या लागतात. त्यामुळे ‘घरचं स्वस्त की सेंटरचं’ या प्रश्नाला एकच उत्तर मिळत नाही. पिशव्या देशातच बनत असतील तर पीडी बहुधा स्वस्त पडतं. त्या लांबून, कर भरून येत असतील तर तोच फायदा वाहतुकीत वाहून जातो. आणि सेंटरच्या खुर्च्या रिकाम्या आहेत की रांग लागली आहे, यावर सेंटरला काय परवडतं ते ठरतं. म्हणून कोणी सरासरी खर्चाचा आकडा तोंडावर फेकला की मी विचारते: कोणाचा खर्च, आणि आणखी एक रुग्ण घेतला तर वाढीव किती?

आता घरचं. बेंबीच्या बाजूला एक छोटी शस्त्रक्रिया करून पोटात मऊ नळी बसवतात. हेन्री टेंकहॉफ यांनी १९६८ मध्ये जी नळी पुढे आणली तिचंच हे नातवंड. पोटाच्या आत आतड्यांवर जे पातळ अस्तर असतं तेच गाळणीचं काम करतं. पिशवीतलं द्रावण पोटात सोडायचं, चार ते सहा तास ठेवायचं, तेवढ्यात रक्तातला कचरा अस्तरातून त्यात उतरतो, द्रावणातली साखर जास्तीचं पाणी ओढून घेते, मग ते काढून टाकायचं आणि नवीन भरायचं. दिवसातून चार वेळा. १९७६ मध्ये पोपोविच आणि मॉनक्रिफ यांनी ही ‘सतत चालू’ पद्धत मांडली. तेव्हा द्रावण काचेच्या बाटल्यांत येई. टोरांटोत ओरिओपुलोस यांनी प्लास्टिकच्या पिशव्या वापरायला घेतल्या आणि पद्धत खरोखर घरात शिरली.

शिकायला पाच दिवस लागले. मला वाटलं होतं मी शिकेन आणि मी करेन. बाबांनी दुसऱ्याच दिवशी माझ्या हातातून नळी काढून घेतली. घड्याळाचा बॅलन्स व्हील चिमट्याने उचलणाऱ्या माणसाला नळीची टोपी फिरवून काढणं आणि उघडं टोक कशालाही न टेकवता जोडणं काय अवघड? सकाळी सहा वाजता पंखा बंद, खिडकी बंद, मास्क. हात धुताना ते मनातल्या मनात आकडे मोजतात, ओठ हलताना दिसतात. मग नळी जोडायची, पोटातलं जुनं पाणी खाली ठेवलेल्या रिकाम्या पिशवीत उतरू द्यायचं, त्याला वीस मिनिटं. नव्या पिशवीतलं थोडं पाणी आधी थेट खालच्या पिशवीत सोडून नळी धुवायची, मगच पोटात भरायचं. नवी टोपी. सगळं मिळून ३५ मिनिटं.

आणि शेवटची पायरी, जी कधीच चुकवायची नाही. भरलेली खालची पिशवी वर्तमानपत्रावर ठेवायची आणि तिच्यातून खालची अक्षरं वाचायची. बारीक टाईपसुद्धा स्वच्छ वाचता आला पाहिजे. बाबा तिथे आपलं डोळ्याला लावायचं भिंग वापरतात. भिंगाची गरज नाही, पण त्यांना तसंच बरं वाटतं.

तासांचा हिशेब: ३५ मिनिटं गुणिले चार, दिवसाला दोन तास वीस मिनिटं, आठवड्याला १६ तास २० मिनिटं. बघा, बाबांच्या स्वतःच्या वेळेत मशीनच्या २१ तासांपेक्षा पाचच तास कमी झाले. जाहिरातीत ‘वेळ वाचतो’ म्हणतात तो इथे नाही वाचत. वाचतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे ते १४ तासांचं आडवं पडणं पूर्ण गेलं. दुसरं म्हणजे माझे २१ तास चारवर आले: साठ्याची मोजदाद, खोलीची स्वच्छता, रिकाम्या पिशव्यांचा ढीग हलवणं, वजन-रक्तदाबाची वही. वर महिन्यातून एकदा तपासणीसाठी अर्धा दिवस.

पण पहिले सहा आठवडे मी यात धरलेले नाहीत, आणि ते न धरणं अप्रामाणिक ठरेल. त्या काळात पिशवीच्या प्रत्येक बदलाला मी शेजारी उभी होते. रात्री दहाच्या बदलानंतर झोप लागायची नाही. कुठे काही टेकलं तर नसेल ना? घर हे हॉस्पिटलचं वॉर्ड झालं की घरातल्या एकाला सिस्टर व्हावं लागतं, पगार, पाळी, सुट्टी काही नसताना. आरोग्यसेवा ‘घरी हलवली’ आणि खर्च कमी झाला असं कोणी सांगतं, तेव्हा त्यातला काही भाग खरोखर कमी झालेला असतो आणि काही भाग नुसता घरातल्या बाईच्या खात्यात टाकलेला असतो. कारखान्यात असं कोणी केलं तर मी ती नोंद परत पाठवते. फ्रान्समध्ये जे रुग्ण स्वतः करू शकत नाहीत त्यांच्याकडे पिशव्या बदलायला परिचारिका घरी जातात आणि तो खर्च व्यवस्था उचलते. तसा खर्च धरूनच तुलना व्हायला हवी.

आता वाईट दिवस. चौदाव्या महिन्यात एका सकाळी बाबांनी मला हाक मारली आणि नुसतं वर्तमानपत्राकडे बोट दाखवलं. मथळा दिसत होता, खालचा मजकूर दिसत नव्हता. पाणी तांदूळ धुतल्यासारखं गढूळ. पोटात हलकं दुखत होतं, ते त्यांनी रात्री सांगितलं नव्हतं. गढूळ पाणी म्हणजे पेरिटोनायटिस, अस्तराचा संसर्ग, असं समजून ताबडतोब निघायचं, हे शिकवलेलं होतं. मदतीचा जो नंबर २४ तास चालू असतो म्हणून दिला होता तो मी दोन तास लावत होते. कोणी उचलला नाही. शेवटी पिशवी तशीच बरोबर घेऊन आम्ही गेलो. पाण्याची तपासणी झाली, पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या. प्रतिजैविकं पिशवीतूनच पोटात देतात. सहा दिवस दवाखाना, मग घरी. एकूण दोन आठवड्यांचा कोर्स. नळी वाचली, अस्तर वाचलं.

कशामुळे झालं ते नक्की कळलं नाही. पण पाच दिवसांच्या शिक्षणानंतर १४ महिन्यांत कोणीही एकदाही येऊन किंवा बोलावून बाबांचा हात तपासला नव्हता. रोज चार वेळा करायच्या कामात माणूस नकळत पायऱ्या गाळतो. आमच्या कारखान्यात ड्रिलिंगवरच्या कामगारालासुद्धा ठरावीक काळाने पुन्हा शिकवतात. संसर्ग झाल्यावर मात्र उजळणी घेतली गेली, आणि तेव्हा सिस्टरच्या लक्षात आलं की बाबा हात पुसून झाल्यावर चष्मा नीट करतात. एवढंसं. वर्षभर कोणी पाहिलं असतं तर तेव्हाच दिसलं असतं.

या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२२ च्या शिफारशीप्रमाणे एका केंद्राच्या रुग्णांत वर्षाला दर रुग्णामागे ०.४० पेक्षा जास्त संसर्ग होऊ नयेत. आमचा २४ महिन्यांत एक, म्हणजे ०.५. एका माणसावरून दर काढता येत नाही हे मला माहीत आहे. पण हा आकडा माहीत असल्याने मला एक प्रश्न विचारता आला, त्याबद्दल शेवटी लिहिते.

परिणाम कसा मोजायचा? जगण्याच्या बाबतीत सुरुवातीच्या काही वर्षांत दोन्ही पद्धती साधारण बरोबरीच्या दिसतात. पीडीवर मूत्रपिंडाचं जे थोडं काम उरलेलं असतं ते बहुधा जास्त टिकतं. उलट बाजूला पीडी कायम चालत नाही. काही वर्षांनी अस्तर थकतं आणि बऱ्याच जणांना मशीनकडे परतावं लागतं, म्हणून बाबांच्या डाव्या हातातला फिस्टुला (मशीनच्या सुया टोचता याव्यात म्हणून शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) आम्ही सांभाळून ठेवला आहे. साखरेचाही प्रश्न आहे. सर्वात सौम्य, दीड टक्क्याच्या दोन लिटर पिशवीत ३० ग्रॅम ग्लुकोज असतं आणि त्यातलं बरंचसं अंगात शिरतं. मधुमेह असलेल्यांनी हे डॉक्टरांशी नीट बोलावं. प्रत्यारोपण या दोन्हींपेक्षा सरस आहे, पण बाबांच्या हृदयामुळे तो मार्ग बंद झाला.

दोन पद्धतींची खरी तुलना म्हणजे चिठ्ठ्या टाकून रुग्ण दोन गटांत वाटणं. नेदरलँड्समध्ये तसा प्रयत्न झाला आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पात्र रुग्ण ७७३ होते. चिठ्ठीला कबूल झाले ३८. बाकीच्यांना आपल्याला काय हवं ते आधीच ठाऊक होतं. मला हा निष्कर्षच सर्वात मोठा वाटतो. माणसं या दोन सेवांना एकसारख्या वस्तूंसारखं बघत नाहीत, म्हणून कोणावर कुठलीही लादायची तर फार मोठं कारण पाहिजे. हाँगकाँगने १९८५ पासून ‘आधी पीडी’ असं धोरण ठेवलं, थायलंडने २००८ मध्ये तेच केलं आणि त्यामुळे ज्यांना काहीच मिळत नव्हतं अशा कितीतरी लोकांना डायलिसिस मिळालं. २०२२ मध्ये थायलंडने निवड रुग्णावर सोडली, तेव्हा मशीनकडे लोक वळले. दोन्ही निर्णयांमागचा विचार मला समजतो.

संशोधक जगलेली वर्षं नुसती मोजत नाहीत, ती किती चांगली गेली यावरून त्यांना वजन देतात. ते वजन काढायचा एक मार्ग कॅनडात टॉरन्स आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये मांडला: अशा अवस्थेत दहा वर्षं, किंवा धडधाकट पण थोडी कमी वर्षं, किती कमी चालतील? मी हा प्रश्न बाबांना मशीनवर असताना विचारला होता. विचारू की नको, आठवडाभर मनात घोळवत होते. त्यांनी वहीवर रेघ ओढली, दहा भाग पाडले आणि पाचवर टोक टेकवलं. म्हणजे दहा अशी वर्षं देऊन पाच चांगली घेईन. पीडीला एक वर्ष झाल्यावर तीच वही पुढे केली. या वेळी टोक सात आणि आठच्या मध्ये थांबलं. मी विचारलं, कशाने वाढलं? म्हणाले, “दोन बदलांमध्ये एक घड्याळ पूर्ण उघडून पूर्ण बंद करता येतं. अर्धवट सोडून उठावं लागत नाही.”

मध्ये एक महिना रात्रीचं यंत्रही वापरून पाहिलं, जे झोपेत आपोआप पिशव्या बदलतं. दिवस मोकळा मिळतो, नोकरदारांना उत्तम. आमच्याकडे नळी वळली की गजर वाजायचा, रात्रीतून तीन-तीनदा. परत केलं.

ज्यांच्याकडे स्वच्छ बंद खोली नाही, २४० लिटरचा साठा ठेवायला जागा नाही, ज्यांच्या पोटावर मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत, किंवा ज्यांच्या घरात करणारं माणूस आधीच थकलेलं आहे, त्यांनी मशीनवर राहण्यात काहीही कमीपणा मानू नये. कित्येकांना सेंटरवरची सोबत हवी असते. बाबांचेही तिथले दोन मित्र अजून फोन करतात. आम्हाला मात्र हिशेबाच्या दोन्ही बाजू मांडल्यावर घरचं सरस पडलं. माझे तास धरूनही, ते सहा आठवडे धरूनही, दवाखान्यातले सहा दिवस धरूनही.

पाचपैकी स्टार द्यायचे तर पद्धतीला साडेचार आणि ती पुरवणाऱ्या आमच्या केंद्राला तीन. एक कापला न उचललेल्या फोनसाठी. दुसरा असा: तुमच्या केंद्रात गेल्या वर्षी दर रुग्णामागे किती संसर्ग झाले, हे मी दोनदा लेखी विचारलं आहे. मोजायला अवघड नाही, रुग्ण किती महिने होते आणि प्रसंग किती, एवढंच हवं. अजून उत्तर आलेलं नाही. ते आलं, मग आकडा कसाही असो, की तो स्टार मी परत देईन.